बाळाच्या हृदयाला छिद्र: किती थांबावे?

प्रश्न (बाळाची आई, गुहागर)
नमस्कार. माझा मुलगा ३ महिन्यांचा आहे. जन्मल्यावर सारे ठीक असल्याचे सांगितले होते. दीड महिन्याच्या लशीच्या वेळी मात्र डॉक्टरांना छातीत वेगळा आवाज ऐकू आला आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला ५ मिलिमीटरचे छिद्र असल्याचे कळले. दूध पिताना तो दोन-तीन मिनिटांतच थांबतो, धापा टाकतो आणि त्याच्या कपाळाच्या घामाने माझा दंड ओला होतो. सासूबाई म्हणतात, आपल्याकडची हवाच दमट, घाम यायचाच. अशी छिद्रे आपोआप बुजतात हे खरे का? आणि जन्मल्याबरोबर हे कळले कसे नाही?

उत्तर (निवृत्त परिचारिका, चिपळूण)
ताई, आधी घामाचे सांगते, कारण बालरुग्ण विभागात मी हेच सर्वांत जास्त ऐकले. दूध ओढतानाच कपाळ डबडबत असेल आणि सोबत धाप लागत असेल, तर तो घाम कृपया हवेवर ढकलू नका.

जन्मानंतरचे काही आठवडे फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब जास्त असतो, त्यामुळे छिद्रातून फारसे रक्त जात नाही आणि आवाजही येत नाही. पुढे तो दाब उतरला की डाव्या कप्प्यातले रक्त उजवीकडे आणि तिथून पुन्हा फुप्फुसांत जाऊ लागते. तेच रक्त फिरून फिरून ढकलताना हृदय दमते, आणि पोटात गेलेले दूध वजन वाढवण्याऐवजी या श्रमातच खर्ची पडते. स्नायूंच्या भागातली लहान छिद्रे पुष्कळदा पहिल्या एक-दोन वर्षांत बुजतात, हे खरे आहे. मात्र निर्णय केवळ मिलिमीटरवर होत नाही, छिद्राची जागा, फुप्फुसांचा दाब आणि बाळाचे वजन हे सारे पाहावे लागते. मोठे छिद्र बहुधा पहिल्या वर्षातच शस्त्रक्रियेने बंद करतात, कारण फार उशीर झाला तर फुप्फुसांच्या वाहिन्या कायमच्या कडक होतात, रक्ताची दिशा उलटते, ओठ निळे पडू लागतात आणि मग छिद्र बंद करणेच धोक्याचे ठरते. याच आठवड्यात बालहृदयरोगतज्ज्ञांना दाखवा आणि दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवा.

उत्तर (एक वडील, देवगड)
माझ्या मुलीचे छिद्र वरच्या कप्प्यांमधले होते. जांघेतल्या शिरेतून नळी घालून छत्रीसारख्या उपकरणाने ते बंद केले, छाती उघडावी लागली नाही. प्रत्येक छिद्राला हा उपाय लागू पडत नाही, हे तज्ज्ञांनीच सांगितले होते, तेव्हा त्या आशेवर थांबू नका. खर्चासाठी आशाताईंमार्फत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला भेटा. २०१३ पासूनची ही योजना जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे.

प्रश्नकर्ती
आज उपकेंद्रात वजन केले. ४ किलो १०० ग्रॅम भरले, गेल्या महिन्यात ४ किलो होते. सासूबाईंनाही तो आकडा दाखवला. आम्ही सोमवारी मुंबईला निघतो आहोत, त्याही सोबत येत आहेत.