प्रायोगिक अंतराळ युद्धनौकेचा दोष कसा असावा, म्हणजे तो वाचकाला पटेल?

शुक्रतारा यांचा प्रश्न

मी सध्या एक दीर्घ विज्ञानकथा लिहीत असून तिच्या केंद्रस्थानी एका अंतराळ नौदलाची प्रायोगिक युद्धनौका आहे. कथेतील दोन वसाहतींमध्ये तह झालेला आहे आणि त्यानुसार कोणत्याही युद्धनौकेचे वस्तुमान, इंधन धरून, ६,००० टनांपेक्षा अधिक असता कामा नये. या अटीतून वाट काढण्यासाठी एका बाजूचे नौदल लहान सांगाड्यात मोठ्या नौकेला शोभेल असे इंजिन आणि १०० मेगावॅट क्षमतेचे लेसर बसवते. नौका वेगवान आणि संहारक ठरते, पण तिच्यात एक गंभीर दोष राहतो. तो चाचण्यांमध्येच लक्षात येतो आणि तरीही ती सेवेत दाखल केली जाते.

पहिल्या खर्ड्यात मी असे लिहिले होते की, इंजिन पूर्ण क्षमतेने चालवले तर सांगाडा तुटू शकतो. यावर वाचक लगेच म्हणेल की मग इंजिन थोडे कमी चालवावे, आणि तिथेच कथेतील ताण संपतो. भौतिकशास्त्राला धरून असलेला, युक्तीने चटकन टाळता न येणारा असा दोष मला हवा आहे. शिवाय अनुभवी अधिकाऱ्यांनी भरलेले नौदल अशी नौका स्वीकारते, हे कसे पटवून द्यावे, हाही प्रश्न आहेच. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उष्णमान यांचे उत्तर

माझ्या मते तुम्ही सर्वांत आधी उष्णतेचा विचार करावा. समुद्रावरच्या जहाजाला थंड पाणी भोवताली आयते मिळते. यंत्रे तापली की ते आत घ्यायचे आणि गरम झाले की बाहेर सोडायचे. निर्वातात ती सोय नाही. तिथे वस्तुमान बाहेर फेकायचे नसेल तर उष्णता केवळ प्रारणाच्या, म्हणजे किरणांच्या, रूपाने बाहेर पडते, आणि प्रारणाचे प्रमाण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते. ३०० केल्विन तापमानाचा एक चौरस मीटर काळा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे ४६० जूल उष्णता सोडतो, तर १,००० केल्विनला तोच पृष्ठभाग सुमारे ५७,००० जूल सोडतो.

आता तुमच्या लेसरचे गणित मांडू. त्याची कार्यक्षमता ३० टक्के धरली, तर १०० मेगावॅटचा किरण सोडताना सुमारे २३३ मेगावॅट उष्णता नौकेतच राहते. अणुभट्टीची स्वतःची उष्णता मी यात धरलेली नाही. ही २३३ मेगावॅट उष्णता १,००० केल्विनला बाहेर टाकता आली असती, तर सुमारे ४,१०० चौरस मीटर पृष्ठभाग पुरला असता, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रारण करणारे २० मीटर रुंद आणि शंभर मीटरांहून थोडे लांब असे एक पाते. अडचण अशी की लेसरची यंत्रणा १,००० केल्विनला टिकत नाही. तिला थंड ठेवावे लागते, त्यामुळे तिच्यातून निघणारी उष्णता कमी तापमानाची असते, आणि कमी तापमानाची उष्णता निर्वातात टाकणे हेच सर्वांत अवघड काम आहे.

यावर अभियंते जो मार्ग काढतील तो असा: लढाई चालू असताना उष्णता पाण्याच्या टाकीत साठवायची आणि लढाई संपल्यावर रेडिएटरची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी, पाती उघडून ती सावकाश बाहेर सोडायची. १०० टन पाणी २० अंश सेल्सिअसपासून ९५ अंशांपर्यंत तापायला सुमारे ३१ अब्ज जूल लागतात. २३३ मेगावॅटच्या दराने ही क्षमता सव्वादोन मिनिटांत संपते. त्यानंतर तेच पाणी ४,००० चौरस मीटर पृष्ठभागावरून पुन्हा २० अंशांवर आणायला, सूर्यप्रकाश पात्यांवर पडू दिला नाही तरी, साडेतीन तासांच्या आसपास वेळ लागतो.

सव्वादोन मिनिटे मारा आणि त्यानंतर साडेतीन तास उघडी, नाजूक पाती पसरून असहाय उभे राहणे, हा तुमच्या नौकेचा दोष असू शकतो. कितीही कुशल कप्तान असला तरी हे गणित तो बदलू शकत नाही. पाणी उकळू देऊन वाफ बाहेर सोडता येईल आणि त्यामुळे काही मिनिटे अधिक मिळतील, पण ते पाणी कायमचे गेले. अशा प्रत्येक निर्णयाची किंमत पुढच्या लढाईत मोजावी लागेल.

जुनी गोदी यांचे उत्तर

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी लिहितो, कारण नौदलाने अशी नौका स्वीकारणे मला मुळीच अशक्य वाटत नाही. तुम्ही तहाची अट घातली आहे, ती फार योग्य आहे. १९३० च्या लंडन नौदल करारात ६०० टनांपर्यंतच्या लहान युद्धनौका मर्यादेतून वगळल्या होत्या. जपानच्या नौदलाने या सवलतीत बसतील अशा चिदोरी वर्गाच्या टॉर्पेडो नौका बांधल्या आणि त्यांवर त्या आकाराला न पेलणाऱ्या तोफा व टॉर्पेडो नळ्या चढवल्या. वरचा भार वाढला. चाचण्यांमध्ये नौका धोकादायक रीतीने कलते असे दिसले, तेव्हा दोन्ही बाजूंना फुगवटे जोडून काम पुढे नेण्यात आले. १२ मार्च १९३४ रोजी याच वर्गातील तोमोझुरू ही नौका वादळात उलटली आणि तिच्यावरील बहुतेक खलाशी मरण पावले. त्यानंतर नौदलाला इतर अनेक नौकांचे आराखडे तपासून वरचे वजन उतरवावे लागले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९३५ मध्ये, एका चक्रीवादळात दोन जपानी विनाशिकांचे नाळेकडचे भाग तुटून वेगळे झाले, तेव्हा सांगाड्याच्या मजबुतीचा प्रश्नही ऐरणीवर आला.

ब्रिटिश नौदलाचे कॅप्टन हे जहाज तर आणखी बोलके उदाहरण आहे. काउपर कोल्स या अधिकाऱ्याने फिरत्या तोफबुरुजांचा पुरस्कार केला होता आणि वृत्तपत्रे व संसद यांच्या दबावापुढे नौदलाला त्याच्या आराखड्याप्रमाणे जहाज बांधू द्यावे लागले. नौदलाचे मुख्य रचनाकार एडवर्ड रीड यांचा त्याला विरोध होता. बांधणीत वजन वाढत गेले आणि पाण्यापासून डेकची उंची ठरलेल्या ८ फुटांऐवजी साडेसहा फूटच उरली. त्यावर शिडांच्या उंच डोलकाठ्या होत्याच. सप्टेंबर १८७० मध्ये फिनिस्टेर भूशिराजवळच्या वादळात ते रात्री उलटले. सुमारे ४८० माणसे बुडाली आणि त्यांत स्वतः कोल्सही होते. त्याच वादळात त्याच ताफ्यातील मोनार्क हे दुसरे बुरूजधारी जहाज तरले, कारण त्याचा डेक पाण्यापासून पुरेसा उंच होता.

या दोन्ही प्रकरणांत दोष कोणालाच दिसला नव्हता, असे म्हणता येत नाही. धोका दाखवणारी माणसे होती, पण निर्णय थांबवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. आणि ज्यांच्याकडे अधिकार होता त्यांना ती नौका फार हवी होती. तुमच्या कथेत मी हा प्रसंग अवश्य लिहीन: मूळ आराखड्यात ४०० टन पाण्याची टाकी आहे. इंजिन ठरल्यापेक्षा ३०० टनांनी जड भरते. तहाची तपासणी जवळ आली आहे, इंजिन बदलणे शक्य नाही, चिलखत आधीच पातळ केलेले आहे आणि लेसर काढले तर नौकेला अर्थच उरत नाही. मग वजनाच्या तक्त्यातील एकच ओळ अशी उरते की जिच्यावर काट मारली तरी त्या दिवशी कोणाचेही काही बिघडत नाही. ४०० च्या जागी १०० लिहिले जाते, खाली स्वाक्षऱ्या होतात, आणि नऊ मिनिटांची नौका सव्वादोन मिनिटांची होते. दोष कागदावर कसा जन्मला हे वाचकाने एकदा पाहिले की पुढचे सगळे त्याला पटेल.

यंत्रकक्ष यांचे उत्तर

उष्णमान यांचे गणित मला मान्य आहे, परंतु त्यांच्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. उष्णतेची मर्यादा अंतराळातील प्रत्येक नौकेला असणार, शत्रूच्याही. ती त्या जगाची अट आहे. दोष म्हणावा तो असा, जो याच नौकेत आहे आणि जो तिच्यावर काम करणाऱ्यांच्या हातापायांत भिनलेला आहे.

खऱ्या जहाजांमधील एक गोष्ट तुमच्या कामी येईल. मोठ्या डिझेल इंजिनांच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांमध्ये एक पट्टा असा असतो की तिथे इंजिनाचे धक्के आणि त्याच्या फिरत्या दांड्याची पिळण्याची नैसर्गिक कंपने जुळतात. त्या वेगावर रेंगाळले तर दांड्याला तडे जाऊ शकतात. फेऱ्या दाखवणाऱ्या तबकडीवर तो भाग लाल रंगवलेला असतो. खालच्या वेगावर चालता येते, वरच्या वेगावरही चालता येते, मात्र मधला पट्टा न थांबता ओलांडायचा असतो. रॉकेटांमध्येही याचे भावंड आढळते. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या उड्डाणात दुसऱ्या टप्प्याचे मधले इंजिन अशाच तीव्र कंपनांमुळे ठरल्या वेळेच्या सुमारे दोन मिनिटे आधी बंद पडले होते.

तुमच्या नौकेत हा पट्टा इंजिनाच्या ५५ ते ७० टक्के क्षमतेच्या दरम्यान ठेवा. मग ‘इंजिन कमी चालवा’ हा सल्ला अपुरा पडतो, कारण धोका सर्वाधिक वेगावर नसून मधेच आहे. ताफ्यातील इतर नौकांच्या गतीशी जुळवून घ्यायला नेमकी ६० टक्के क्षमता लागत असेल, तर ही नौका ताफ्याबरोबर सरळ चालूच शकणार नाही. तिला एकदा पुढे धावावे लागेल, एकदा मागे रेंगाळावे लागेल. तिच्या सुकाणूवरील माणूस तबकडीकडे न पाहता, पायाखालच्या जमिनीच्या थरथरीवरून पट्टा जवळ आल्याचे ओळखेल. नवा माणूस ते ओळखू शकणार नाही, आणि बदलीवर आलेला अधिकारी पहिल्याच पाळीत चूक करील.

दोषासह जगणे म्हणजे काय, यासाठी सोव्हिएत प्रकल्प ७०५ च्या पाणबुड्या पाहा. टायटॅनियमचा सांगाडा, ४० नॉटच्या घरातला वेग आणि जेमतेम तीसएक माणसांवर चालणारी यंत्रणा, असे ते अद्भुत जहाज होते. हे सर्व साधण्यासाठी अणुभट्टी थंड ठेवायला शिसे आणि बिस्मथ यांचा वितळलेला मिश्रधातू वापरला होता. तो सुमारे १२५ अंश सेल्सिअसला गोठतो. त्यामुळे बंदरात उभ्या असतानाही अणुभट्टी बंद करणे धोक्याचे होते. बाहेरून वाफ पुरवून धातू वितळलेला ठेवण्याची सोय होती, पण ती भरवशाची नव्हती. या मालिकेतील पहिल्या पाणबुडीत तो धातू गोठलाच आणि तिला सेवेतून काढावे लागले. जहाज बंदरात असले तरी खलाशांना विश्रांती नाही, हा तपशील मला कोणत्याही स्फोटापेक्षा अधिक परिणामकारक वाटतो.

शुक्रतारा

सर्वांचे मनापासून आभार. टाकीचे वजन कमी करण्याचा प्रसंग मी नक्की लिहिणार आहे. मात्र आता मला उष्णता आणि कंपने यांपैकी एकाची निवड करणे कठीण झाले आहे. दोन्ही घेतले तर नौका निव्वळ भंगार वाटेल, अशी भीती वाटते, आणि ती नौका वाचकाला प्रिय व्हावी अशी माझी इच्छा आहे.

उष्णमान

यंत्रकक्ष यांचा आक्षेप योग्य आहे. उष्णतेची मर्यादा सर्वांना असते. या नौकेत ती अधिक कडक आहे, इतकेच. पण निवड करण्याची गरज नाही, कारण हे दोन दोष एकाच कारणातून येऊ शकतात. वजन वाचवण्यासाठी रेडिएटरची पाती लांब आणि सडपातळ केली आहेत असे धरा. मिटलेली असताना ती सांगाड्याला घट्ट बांधलेली राहतात आणि नौका पट्टा सुखरूप ओलांडते. उघडली की मात्र त्यांची नैसर्गिक कंपने नेमकी त्या ५५ ते ७० टक्क्यांच्या पट्ट्यात येतात. म्हणजे पाती उघडी असताना नौका सावकाश सरकू शकते, पण पट्टा ओलांडून पळू शकत नाही. मारा करून झाला, पाणी ९५ अंशांवर पोहोचले, पाती उघडली, आणि दीड तासाने शत्रूची दुसरी नौका दिसली. आता पाती मिटून अर्धवट तापलेल्या टाकीसह पळायचे, की आहे तिथेच थांबायचे?

दीड तासाने टाकीतील पाणी साधारण ५० अंशांवर आलेले असेल, कारण गरम असताना ते वेगाने निवते आणि पुढे निवण्याचा वेग मंदावतो. तेव्हा कप्तानाकडे माऱ्यासाठी सुमारे ८० सेकंद शिल्लक असतील. हा आकडा कथेत कोणीतरी मोठ्याने सांगावा.

जुनी गोदी

नौका प्रिय होण्याविषयी एकच सुचवतो. तिच्या चांगल्या गुणांना कथेत भरपूर जागा द्यावी. पाती मिटलेली, टाकी थंड आणि इंजिन पट्ट्याच्या वर असताना या नौकेला गाठू शकेल असे दुसरे काहीही त्या जगात नसावे, आणि पहिल्या चकमकीत वाचकाने ते पाहावे. तो आकडा सांगणारी व्यक्ती शक्य असेल तर टाकीचे वजन कमी करण्याच्या कागदावर स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी असावी. प्रायोगिक नौकांवर पहिल्या सफरींत आराखडा करणारी माणसे बरोबर असणे अगदी स्वाभाविक आहे, त्यामुळे यासाठी वेगळे कारण शोधावे लागणार नाही.