मदत हवी आहे: तांब्याच्या हीटसिंकचा तळ घासावा का?

माझ्या कॉम्प्युटरच्या जुन्या पेंटियम ४ प्रोसेसरवर (२.८ गिगाहर्ट्झ, नॉर्थवूड पिढीचा, सॉकेट ४७८) झालमन कंपनीचा फुलासारखा, पूर्ण तांब्याचा सीएनपीएस ७००० हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा भाग) आहे. वजन ७७३ ग्रॅम, म्हणून कॅबिनेट आडवंच ठेवतो. प्रोसेसरची उष्णता फार तर ७० वॅट, तरी लोडवर (जड काम चालू असताना) तापमान ७४ अंशांवर जातं. पूर्वी साठीच्या आत असायचं.

धूळ काढली, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णतावाहक पेस्ट बदलली, पंखा पूर्ण वेगाने फिरतोय, क्लिपचे स्क्रू दोन्हीकडून सारखे आवळलेत. खोलीचं तापमान ३० च्या आसपास. सेन्सरवर संशय नको, हीटसिंक बदलून साधा अॅल्युमिनियमचा लावला तर आकडे नीट येतात. हे जरा लाजिरवाणंच, कारण उष्णता वाहून नेण्यात तांबं अॅल्युमिनियमच्या दीडपटीहून सरस.

झालमनच्या हीटसिंकला वेगळा तळ नाही. पातळ पत्रे मधोमध बोल्टने दाबून बसवलेत आणि त्यांच्याच कडा सपाट करून तळ केलाय. म्हणजे उष्णता पत्र्यातून सहज वर जाते, पण शेजारच्या पत्र्यात जायला मध्ये फट. स्टीलची पट्टी उभी धरली तर मधोमध बारीक उजेड दिसतो, आणि दोन-तीन पत्र्यांमधल्या रेषा काळ्या पडल्यात.

नवीन घ्यायचा नाही. काचेवर ४०० आणि मग ८०० नंबरचा पॉलिशपेपर ठेवून तळ घासायचा विचार आहे. पण आधी बोल्ट आवळावेत की तसंच घासावं? आवळल्यावर कडा वरखाली होतात का? असा पत्र्यांचा तळ कुणी घासलाय का?