मदत हवी आहे: क्रॉफिश ढवळण्याच्या लाकडी वल्ह्याला कोणते तेल लावावे?

बायूकाठचा:
येत्या शनिवारी आमच्याकडे, अमेरिकेतल्या लुइझियानात, क्रॉफिश (गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे जीव) उकडण्याचा बेत आहे आणि पंचवीसएक माणसे जेवायला येणार आहेत. पातेले ढवळण्यासाठी मी मागच्या महिन्यात हौसेने घरीच एक लाकडी वल्हे तयार केले, परंतु पहिल्याच वापरानंतर त्याच्या पात्यावर कुसळे उभी राहिली आणि दांड्याच्या मुळाशी उभी चीर गेली. पॉलिशपेपरने घासून आणि तेल लावूनही पाण्यात बुडवले की पुन्हा तेच होते. कोणते तेल लावावे, एवढेच कृपया सांगावे. तयार वल्हे विकत आणण्याचा सल्ला देऊ नये. तो मार्ग मलाही ठाऊक आहे.

रंधापटाशी:
लाकूड कोणते, फळीची जाडी किती, पातेले केवढे आणि आधी लावलेले तेल कोणते, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. ती कळल्याशिवाय तेलाचे नाव सांगण्यात अर्थ नाही.

तेलबिया:
अर्थ कसा नाही? फूड ग्रेड मिनरल ऑइल किंचित कोमट करून लावावे, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. माझे पोळपाट आणि भाजी चिरण्याच्या फळ्या याच तेलावर वर्षानुवर्षे टिकल्या आहेत.

जवसवाले:
पोळपाट उकळत्या पाण्यात अर्धा तास उभा राहत नाही, हे तेलबिया विसरत आहेत. मिनरल ऑइल कधीच वाळत नाही, त्यामुळे उकळत्या पाण्यात ते सुटते आणि पातेल्यात तरंगते. शुद्ध जवसाचे तेल किंवा शुद्ध टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचे तेल) हवेत घट्ट होऊन लाकडातच राहते. मात्र दुकानात ‘बॉइल्ड लिनसीड’ या नावाने मिळणारा डबा आणू नये. त्यात तेल लवकर वाळावे म्हणून बहुधा धातूंची संयुगे घातलेली असतात. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत, पसरून वाळवावीत, कारण चुरगाळलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात.

तेलबिया:
टंग ऑइल पूर्ण वाळायला कित्येक आठवडे लागतात आणि धागाकर्त्यांचा बेत शनिवारचा आहे, एवढे तरी पाहावे.

खारावलेला:
क्रॉफिश शिजवण्यापूर्वी मिठाच्या पाण्यात ठेवावेत, म्हणजे त्यांचे पोट साफ होते. आम्ही नेहमी असेच करतो.

जवसवाले:
मिठाने पोट साफ होत नाही. स्वच्छ पाण्याने चिखल जाईपर्यंत धुतले की पुरते. आणि प्रश्न वल्ह्याचा आहे.

बायूकाठचा:
मी एक साधा प्रश्न विचारला होता. असो. पातेले ८० क्वार्टचे (सुमारे ७५ लिटरचे), अ‍ॅल्युमिनियमचे आहे आणि आत जाळीची टोपली बसते. वल्हे ३० इंच लांब आहे. लाकूड पाइनसारखे दिसते. घरी उरलेली दीड इंच जाडीची फळी होती, तीच कापली. पाते आणि दांडा वेगळे करून गोंद व दोन स्क्रूंनी जोडले आहेत. तेल स्वयंपाकघरातलेच लावले. आता तरी उत्तर मिळावे.

रंधापटाशी:
‘घरी उरलेली’ म्हणजे कोणत्या कामातून उरलेली? फळीला हिरवट छटा होती का, आणि तिच्या टोकाला स्टेपल मारल्याच्या खुणा होत्या का?

बायूकाठचा:
मागच्या अंगणातला डेक (लाकडी ओटा) दुरुस्त केला, तेव्हाची आहे. छटा होती, पण ती मी घासून काढली. टोकाला प्लास्टिकची चिठ्ठी होती आणि तिच्यावर ‘ग्राउंड काँटॅक्ट’ (जमिनीला टेकवून वापरण्याजोगे) असे छापलेले होते. याचा तेलाशी काय संबंध?

रंधापटाशी:
तेलाशी काहीही संबंध नाही, कारण हे वल्हे यापुढे अन्नात घालायचेच नाही. ती चिठ्ठी असलेले लाकूड कुजू नये आणि त्याला वाळवी लागू नये म्हणून दाबाखाली औषध भरलेले असते. अमेरिकेत घरगुती कामासाठीच्या अशा लाकडात २००३ अखेरपर्यंत आर्सेनिक असे. आता मुख्यतः तांब्याची संयुगे असतात. औषध पृष्ठभागापुरते नसते, ते आत मुरलेले असते; त्यामुळे घासल्याने छटा गेली तरी औषध गेले नाही, उलट त्याचा भुसा आपल्या नाकात गेला. झाले ते झाले. हे वल्हे जाळू मात्र नका, त्याचा धूर विषारी असतो. तुकडे आपल्या परगण्याच्या नियमाप्रमाणे कचऱ्यात द्यावेत.

कुसळे उभी राहिली ती मऊ पाइन पाण्याने फुगल्यामुळे. चीर गेली ती स्क्रूजवळ, कारण भिजलेले लाकूड फुगते आणि स्क्रू फुगत नाही. गोंद जलरोधक असला तरी उकळत्या पाण्याच्या उष्णतेत सांधा सैल पडू शकतो, म्हणून पाते आणि दांडा एकाच फळीतून काढावेत.

हार्ड मेपल या टणक लाकडाची ‘फाइव्ह-क्वार्टर’, म्हणजे सव्वा इंच जाडीची, फळी आणावी. रंधून ती साधारण एक इंच राहते. फळी निवडताना टोकाकडून डोळा लावून पाहावे: लाकडाच्या रेषा दांड्याच्या दिशेने सरळ जात असतील आणि गाठ नसेल, तीच घ्यावी. रेड ओक घेऊ नये. त्याची छिद्रे इतकी मोकळी असतात की छोट्या तुकड्याच्या एका टोकाने फुंकर मारली तर दुसऱ्या टोकाने हवा येते. मसाल्याचे पाणी तिथे जाऊन बसते.

बायूकाठचा:
हे आधीच सांगितले असते तर बरे झाले असते. लांबी किती ठेवू?

रंधापटाशी:
आधीच विचारले होते. पातेल्याची आतली खोली मोजा आणि तिच्यात किमान २० इंच मिळवा, म्हणजे मनगट वाफेबाहेर राहील. पाते साडेपाच इंच रुंद पुरे. कोपरे चांगले गोल करा, नाहीतर ते टोपलीच्या जाळीत अडकतात. २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासल्यावर ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, उभी राहिलेली कुसळे हलक्या हाताने घासा आणि हे दोनदा करा.

जवसवाले:
पात्याला तीन मोठी भोके पाडावीत, पाण्याचा विरोध कमी होतो.

रंधापटाशी:
भोकांत मिशा आणि मक्याची साले अडकतात आणि धुताना जीव जातो. माझ्या वल्ह्याला भोके नाहीत. पाडायचीच असतील तर इंचभर व्यासाची असावीत आणि त्यांच्या कडा घासून गोल कराव्यात.

बायूकाठचा:
गुरुवार रात्र. मेपलचे वल्हे झाले. आतली खोली १७ इंच भरली, म्हणून लांबी ३८ ठेवली. भोके पाडली नाहीत; दांड्याच्या शेंड्याला टांगण्यापुरते एक आहे. नुसत्या उकळत्या पाण्यात वीस मिनिटे ढवळून पाहिले: कुसळ नाही, चीर नाही, आणि वाफ मनगटापर्यंत आली नाही. तेल लावलेले नाही.

तेलबिया:
तरीही मिनरल ऑइलचा एक हात द्यायला हरकत नव्हती.