शब्दचर्चा: पोलादातल्या ‘प्रेसिपिटेट’ला अवक्षेप म्हणायचं, साका की कण?

उद्यमबाग: फोर्जिंग शॉपसाठी (पोलाद तापवून, दाबून-ठोकून घडवतात तिथे) कामसूचना मराठीत करायच्या आहेत, शेजारी कन्नड रकाना आहेच. माल ३८ एमएनव्हीएस ६, म्हणजे थोडं व्हॅनेडियम घातलेलं पोलाद. आशय असा: बिलेट (पोलादाचा कच्चा ठोकळा) १२०० ते १२५० अंशांवर तापवलं की व्हॅनेडियम विरघळतं, फोर्जिंगनंतर थंड होताना त्याचे बारीक प्रेसिपिटेट तयार होतात आणि ताकद वाढते. ‘अवक्षेप’ लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी खोडून ‘साका’ केलं, आणखी एकाने ‘गाळ’ सुचवला. काय ठेवावं?

मलप्रभा: गाळ नको, सर. गाळ म्हटलं की क्वालिटीवाले इन्क्लूजन, म्हणजे पोलादात अडकलेले परके कण, शोधायला लागतील. या पोलादात गंधक ०.०२ ते ०.०६ टक्के मुद्दाम ठेवतात, मशिनिंगला चिप तुटावी म्हणून. त्याचे मँगेनीज सल्फाइड १०० पटीवर राखाडी, लांबट दिसतात. तुमचे प्रेसिपिटेट म्हणजे व्हॅनेडियमचे कार्बोनायट्राइड (कार्बन-नायट्रोजनशी झालेली संयुगं), ते ५-१० नॅनोमीटरचे. ५ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दोन लाखावा भाग, साध्या मायक्रोस्कोपला ते दिसणारच नाहीत. दोन्हींना एकच शब्द झाला तर रिपोर्ट चुकीचे लिहिले जातील.

हिरण्यकेशी: साकाच बरोबर आहे. ‘अव’ म्हणजे खाली, ‘क्षेप’ म्हणजे टाकणं. परीक्षानळीत तळाशी बसतं त्याला ते शोभतं. घट्ट पोलादात खाली काय पडणार? साका हा साकळण्याचा भाऊ असावा, रक्त साकळतं तसा. विखुरलेलं एकत्र येतं, एवढाच अर्थ इथे हवा.

घटप्रभा: तोच अर्थ इथे घातक आहे, ताई. कण साकळले की ताकद जाते! डिस्लोकेशन, म्हणजे स्फटिकरचनेतला रेषेसारखा दोष, सरकला की धातू वाकतो. तो दोष सरकताना कणाला अडतो आणि दोन कणांच्या फटीतून वाकून पुढे जातो. फट जितकी अरुंद, तितका जोर जास्त लागतो. तेवढंच व्हॅनेडियम कमी पण मोठ्या कणांत गोळा झालं, की फटी रुंदावतात आणि यील्ड (कायमचं वाकायला लागणारा ताण) पडतं. ट्रिमिंगनंतर (कडेचा जादा धातू कापल्यावर) गरम जॉब बिनमध्ये ढीग करून टाकले की नेमकं हेच होतं. वरचे जॉब बरे, मधले मऊ. म्हणून कन्व्हेयरवर सुटे ठेवून ८०० ते ५०० अंशांचा टप्पा सेकंदाला साधारण १ अंशाने उतरवायचा, जाडीप्रमाणे पंखा कमीजास्त करून. पंखा अति झाला तर बेनाइट (जलद थंड झाल्यावर होणारी वेगळी अंतर्रचना) येतो, कण बाहेर पडायला वेळ मिळत नाही, टेन्साइल (तुटेपर्यंतची ताकद) दिसतं पण यील्ड त्या मानाने कमी भरतं.

राकसकोप: मग ‘हार्डनिंग’चं काय केलंय? ‘दृढीकरण’ दिसतंय. ‘पाणी देणं’ हा आपला जुना शब्द आहे, लोहार विळ्याला पाणी देतो. तो सोडून ‘दृढीकरण’ कशाला?

घटप्रभा: इथे पाणी द्यायचंच नाही की! क्वेंच-टेंपर, म्हणजे बुडवून थंड करून पुन्हा तापवणं, टळतं, म्हणून तर हे पोलाद घेतात. सूचनेत ‘पाणी’ आलं तर कोणीतरी खरंच टाकीत बुडवेल.

राकसकोप: मान्य. पण ‘दृढीकरण’ शॉपमध्ये कोणाच्या तोंडी नाही, तेवढं लक्षात घ्या.

मलप्रभा: ‘विरघळतं’ मात्र राहू द्या. घन लोखंडात विरघळतं कसं, असं विचारतील, पण खरोखर तेच घडतं. नायट्रोजन १०० ते २०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असला तरी व्हॅनेडियम १०५०-११०० पर्यंत विरघळून जातं. नायोबियम तसं नाही. ०.०८ टक्के कार्बनच्या पत्र्यात ०.०४ टक्के नायोबियम ११५० ते १२०० अंशांत विरघळतं. तेवढंच नायोबियम ०.३८ कार्बनमध्ये टाकलं तर १२५० लाही पूर्ण विरघळत नाही. न विरघळलेले कण ग्रेन (पोलाद ज्यांचं बनतं ते स्फटिक) वाढू देत नाहीत, तो फायदा आहेच, पण नंतर बारीक होऊन ताकद देणारा वाटा तेवढा कमी होतो.

हिरण्यकेशी: म्हणजे भट्टीत उरलेल्याला आणि नंतर जन्मणाऱ्याला एकच शब्द कसा चालेल?

मलप्रभा: टायटॅनियम नायट्राइड तर त्याहून वेगळं. ते १४०० वरही टिकतं, ग्रेन धरून ठेवतं. पण ०.०१ टक्के टायटॅनियम साधारण ३० पीपीएम नायट्रोजन अडकवतं, तेवढा व्हॅनेडियमच्या वाट्याला येत नाही. आणि टायटॅनियम जास्त झालं तर द्रव पोलादातच मोठे चौकोनी कण जन्मतात, फटिगची (वारंवार ताण येऊन पडणारी) तड तिथून सुरू होते. त्यांना अवक्षेप म्हणणार की इन्क्लूजन?

उद्यमबाग: सध्या असं लिहिलंय: ‘थंड होताना व्हॅनेडियमचे अतिसूक्ष्म कण पोलादातच तयार होतात. ढीग करू नका, कण मोठे होऊन ताकद कमी होते.’

हिरण्यकेशी: वाक्य चांगलं आहे. पण ‘कण’ म्हटलं की ग्रेनशी गोंधळ होणार. ग्रेनला काय लिहिलंय?

उद्यमबाग: ग्रेनलाही ‘कण’च लिहिलंय, चौथ्या पानावर.

राकसकोप: मग ‘अवक्षेप’च परत आणा. कन्नड रकान्यातही संस्कृत शब्द सहज बसेल, साका तिकडे कोणाला कळायचा नाही.

हिरण्यकेशी: कन्नडच्या सोयीसाठी मराठी शब्द का सोडायचा? ग्रेनला ‘स्फटिककण’ करा, साका ठेवा.