डब्ल्यू फ्रान्समध्ये हरवला

स्टुअर्ट हे आडनाव इंग्रजीत Stewart आणि Stuart असं दोन प्रकारे का लिहितात? मुळात हे पद होतं: स्कॉटलंडच्या राजाचा मुख्य कारभारी, स्टीवर्ड. त्याच घराण्यातला रॉबर्ट 1371 साली राजा झाला. पुढे याच घराण्यातली स्कॉटलंडची राणी मेरी फ्रान्समध्ये वाढली. फ्रेंचांना डब्ल्यू परका, म्हणून त्याच्या जागी यू आला, आणि राजघराण्याला तोच चिकटला.

न्यूझीलंडच्या स्टीवर्ट बेटावर मात्र डब्ल्यू शाबूत आहे. यू-वाल्यांपैकी मला जास्त भावतो तो शोधप्रवासी जॉन मॅकडोवल स्टुअर्ट. 1862 साली ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेला पार करून तो जिवंत परतला. परतताना इतका खंगला होता की बराच प्रवास झोळीतून करावा लागला. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या मध्य ऑस्ट्रेलियातल्या शहराचं अधिकृत नाव 1933 पर्यंत स्टुअर्टच होतं! उत्तरेच्या डार्विन शहराकडे जाणारा स्टुअर्ट महामार्गही त्याच्याच नावाचा.