मदत हवी आहे: नुसत्या एकांची संख्या फुटत नाही

रानवाट_यवतमाळ
राजेहो, एकापुढे एक मांडून केलेली मोठी संख्या आहे. 2, 3, 5, 7, 11, 13, साऱ्या कसोट्या लावल्या, कशानंच भाग जात नाही. मूळ संख्या म्हणून टाकू का? उद्या सकाळी आठवीच्या पोरायले फळ्यावर दाखवायचं आहे, लवकर सांगा.

पऱ्हाटी
एक किती वेळा, तेच नाही सांगितलं भाऊ.

पाटी_पेन्सिल
11 नं जातेच. 12 एक: 3 × 7 × 11 × 13 × 37 × 101 × 9901. झालं.

रानवाट_यवतमाळ
12 नाही जी, 11 आहेत. 11111111111.

पाटी_पेन्सिल
मग 11 स्वतः मूळ, म्हणून संख्याही मूळ. लिहून टाका.

पऱ्हाटी
काहून चुकीचं सांगता? एकांची मोजणी मूळ नसेल तर संख्या फुटतेच. पण मोजणी मूळ असली म्हणून संख्या मूळ ठरत नाही. 111 = 3 × 37, पाहा. 2, 19, 23 एकांच्या संख्या मूळ आहेत, त्यापुढे थेट 317.

तुमच्या संख्येचा मूळ अवयव 22 च्या पटीत 1 मिळवूनच येतो. 10 चा अकरावा घात त्या अवयवानं भागला की बाकी 1 उरते, म्हणून अवयवातून 1 वजा केल्यावर 11 नं भाग जातो. अवयव विषम, म्हणून 22. तपासा 23, 67, 89, 199, 331, 353... असं चढत 21649 ला भाग जातो. दुसरा अवयव 513239.

वर्धेकर
देवळालीच्या गणिती कापरेकर गुरुजींच्या डेमलो संख्या, म्हणजे नुसत्या एकांच्या संख्यांचे वर्ग, दाखवा पोरांना. 111 चा वर्ग 12321. नऊ एकांपर्यंत हा डौल टिकतो, दहा एकांना हातचा येऊन मोडतो: 1234567900987654321.

रानवाट_यवतमाळ
वर्ग नाही विचारला जी. आठ अंकी कॅल्क्युलेटरवर 11 अंक मावत नाहीत, पडताळा कसा घेऊ?

पऱ्हाटी
तुकड्यानं भागा. 111111 ला 21649 नं भागलं की बाकी 2866. बाकीपुढे 1 उतरवा, 28661, बाकी 7012. मग 70121, बाकी 5174. 51741, बाकी 8443. 84431, बाकी 19484. शेवटी 194841, म्हणजे 21649 ची बरोबर 9 पट, बाकी 0. सुरुवातीचे 6 आणि उतरवलेले 5 एक मोजून घ्या. एखादा जास्त उतरवला तर बाकी 1 येते, अन् पोरं तिथंच अडतात.

रानवाट_यवतमाळ
513239 आणखी फुटत असेल तर?

पऱ्हाटी
नाही फुटत. त्याचं वर्गमूळ 716 च्या थोडं वर. फुटला असता तर 716 च्या आतला अवयव तुमच्या 11 एकांच्या संख्येलाही भागून गेला असता, आणि 21649 च्या आधी आपल्याला एकही सापडला नाही.