एका चाचणीवरून कुवत ठरते का?

नौपाडाकर: क्लासमध्ये एका चाचणीच्या गुणांवरून मुलांच्या ‘अ’ आणि ‘ब’ बॅच ठरवण्याबद्दल “मार्क म्हणजेच कुवत, बाकी सगळ्या सबबी,” असे घोडबंदरच्या एका पालकांनी काल येथे लिहिले, ते मला मुळीच पटलेले नाही. गुणांत मोजमापाची चूक मिसळलेली असते, हे मानसशास्त्रज्ञ स्पिअरमन यांनी 1904 सालीच मांडले होते. चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतल्यास गुण कितपत जुळतील याचे 0 ते 1 मधले माप) 0.8 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) 15 असेल, तर प्रमाण त्रुटी, म्हणजे मिळालेले गुण खऱ्या गुणांपासून साधारण जितके इकडेतिकडे होतात ते अंतर, सुमारे 6.7 गुणांची येते. मग 76 गुणांना ‘अ’ बॅच आणि 74 ला ‘ब’, हे कशाच्या आधारावर? संख्याशास्त्रज्ञ केली यांचे सूत्र मिळालेले गुण विश्वसनीयतेनुसार गटाच्या सरासरीकडे थोडे ओढते; त्यानुसार, गटाची सरासरी 60 असताना 90 मिळवणाऱ्याच्या खऱ्या गुणांचा अंदाज 84 येतो.

घोडबंदरकर: माझ्या मुलीला 90 मिळाले आहेत. रात्री दीडपर्यंत जागून तिने मिळवलेले सहा गुण कापण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

नौपाडाकर: कोणी काही कापलेले नाही. एकाच गटात हे सूत्र लावले तर क्रम बदलत नाही. ज्याला 30 मिळाले त्याचा अंदाज 36 होतो, एवढेच.

नेरूळची शिक्षिका: “एकाच गटात” म्हणजे कोणत्या, हे आधी सांगा. मी 22 वर्षे पालिका शाळेत शिकवते. आमच्या शाळेची सरासरी 45 धरली, तर आमच्या 90 वाल्याचा अंदाज 81 येईल, आणि 75 सरासरीच्या शाळेतल्या 90 वाल्याचा 87. प्रश्नपत्रिका तीच, गुण तेच, तरी शेजारी बसणाऱ्यांच्या गुणांची शिक्षा आमच्या मुलाने का भोगायची? गेल्या वर्षी एका क्लासच्या प्रवेश चाचणीत माझा एक विद्यार्थी ओएमआर पत्रिकेवर (गोल रंगवून उत्तर द्यायच्या, यंत्राने तपासल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकेवर) चौदाव्या प्रश्नापासून एक ओळ खाली सरकला आणि पुढची सगळी उत्तरे चुकली. त्याची पेन्सिलीने खुणा केलेली प्रश्नपत्रिका मी स्वतः तपासली. तिच्यावरची उत्तरे बरोबर होती. तुमचे कोणते सूत्र त्याला न्याय देणार?

नौपाडाकर: बाई, तुमचा आवाज चढला असला तरी मुद्दा मान्य करावाच लागेल. सरासरी चूक कमी करणारा अंदाज निवडीसाठी न्याय्य असतोच असे नाही, आणि तुमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर सूत्र काहीच करू शकत नाही. तेथे पुन्हा चाचणी घेणे हाच उपाय आहे. तशाच दुसऱ्या चाचणीचे गुण पहिल्या गुणांत मिळवले, तर 0.8 ची विश्वसनीयता 0.89 च्या आसपास जाते.

घोडबंदरकर: दुसऱ्या चाचणीला माझी हरकत नाही. मात्र पहिल्या चाचणीतले 90 तसेच धरले पाहिजेत.

नेरूळची शिक्षिका: तसेच धरा. माझ्या विद्यार्थ्याला मात्र दुसरी संधी मिळाली नाही. तो अजून ‘ब’ बॅचमध्येच आहे.